फिलोमिना : एका नावाचा इतिहास

ऊसतोडीला गेलेली आमच्या जालना जिल्ह्यातील कुटुंबे कारखान्यांचे पट्टे पडल्यावर गावी परततात, आणि मग लांबणीवर पडलेले स्नानसंस्कार एकामागून एक उरकावे लागतात. अशाच एका रविवारी मिस्सा आटोपून आम्ही नोंदवही उघडून बसलो असता एक तरुण जोडपे तान्ह्या मुलीला घेऊन आले. मुलीला पणजीचे नाव ठेवावे अशी बापाची इच्छा होती. पणजीबाई सोबतच होत्या. त्यांचे नाव फिलोमिना. गावात मात्र सारे त्यांना फिलूबाई म्हणतात. शहरात शिकलेला मुलीचा मामा मध्येच म्हणाला, "फादर, ही संत तर चर्चनेच काढून टाकली आहे ना? मग तिचे नाव कशाला?" फिलूबाई क्षणभर गप्प राहिल्या. मग आमच्याकडे पाहून त्यांनी विचारले, "फादर, मग माझं नाव खोटं हाय का?"

"नाही, आजी," एवढेच उत्तर आम्ही त्या वेळी दिले. ते खरे होते, पण पुरेसे नव्हते. पंचाहत्तर वर्षे ज्या नावाने हाक ऐकली, त्या नावाविषयी असा प्रश्न विचारावा लागणे ही लहान गोष्ट नव्हे. म्हणून त्या नावाचा इतिहास आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

गोव्यात आणि वसईत हे नाव पुष्कळांच्या कानावरून गेलेले असते. आमच्या भागात मात्र ते विरळाच. जालन्याजवळ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभी केली. त्या प्रॉटेस्टंट परंपरेतील घरांनी रूथ, एस्तेर, सारा अशी बायबलमधील नावे जवळ केली. कॅथलिक घरांत संतांची नावे आली. त्यांतही मेरी, अन्ना, तेरेजा ही जिभेवर सहज रुळणारी. 'फिलोमिना' हे लांब नाव घरात 'फिलू' झाले, शाळेत 'मीना' झाले आणि पूर्ण रूपात केवळ नोंदवहीत उरले.

या नावाच्या कीर्तीचा आरंभ रोम शहरात झाला. 1802 सालच्या मे महिन्यात तेथील प्रिसिलाच्या भुयारी दफनभूमीत एक कबर सापडली. कबरीचे तोंड भाजलेल्या मातीच्या तीन फरश्यांनी बंद केलेले होते. त्यांवर तांबड्या रंगात नांगर, बाण आणि झावळी अशी चिन्हे होती आणि काही लॅटिन अक्षरे होती : 'लुमेना', 'पाक्स ते', 'कुम फी'. या क्रमाने त्यांचा अर्थ लागेना. पहिली फरशी शेवटी नेऊन वाचताच वाक्य जुळले : 'पाक्स तेकुम फिलुमेना', म्हणजे 'फिलुमेना, तुला शांती असो'. आत तेराचौदा वर्षांच्या मुलीच्या अस्थी होत्या आणि जवळ काचेची एक फुटकी कुपी होती. कुपीतील डाग रक्ताचा असावा, बाण आणि झावळी ही रक्तसाक्षीची खूण असावी, असे त्या काळच्या जाणकारांना वाटले.

1805 मध्ये फादर फ्रान्चेस्को दि लुचिया यांनी हे अवशेष नेपल्सजवळील मुन्यानो या गावी नेले. तेथे लोकांच्या रांगा लागल्या. परंतु तीन फरश्यांवरील तीन शब्दांनी भाविकांचे समाधान कसे व्हावे? 1833 च्या सुमारास नेपल्स येथील एका धर्मभगिनीने, आपल्याला प्रार्थनेत झालेल्या दर्शनाच्या आधारे, संत फिलोमिनाचे संपूर्ण चरित्र सांगितले : ती ग्रीक राजकन्या, सम्राट डायोक्लेशियनने तिला मागणी घातली, तिने नकार दिला, तिला नांगर बांधून नदीत टाकले, बाण मारले, अखेर शिरच्छेद केला. आमच्या वडीलधाऱ्यांनी लहानपणी ऐकलेली कथा ती हीच.

हे नाव युरोपभर नेणारी खरी व्यक्ती म्हणजे फ्रान्समधील लियों शहराची पॉलिन जारिको. हिनेच 1822 मध्ये श्रद्धाप्रसार संस्थेचा पाया घातला. गिरण्यांत राबणाऱ्या मजुरांकडून आठवड्याला एक सू, म्हणजे अगदी लहानसे नाणे, गोळा करून दूरदेशीच्या मिशनकार्याला पाठवायचे, अशी तिची साधी योजना होती. हृदयविकाराने जर्जर झालेली पॉलिन 1835 मध्ये मुन्यानोला गेली आणि 10 ऑगस्ट रोजी तेथे बरी झाली. जाताना तिला मरणोन्मुख अवस्थेत पाहिलेले पोप ग्रेगरी सोळावे तिला परतताना निरोगी पाहून थक्क झाले. 1837 मध्ये त्यांनी संत फिलोमिनेच्या सणाला मान्यता दिली. इकडे आर्स गावचे धर्मगुरू जॉन मारी व्हियानी आपल्या हातून घडणाऱ्या साऱ्या नवलांचे श्रेय याच 'लहानग्या संते'ला देत. त्यामुळे फ्रान्समध्ये मुलींचे हे नाव घरोघरी जाऊन पोहोचले.

आमच्या भूमीशी याचा संबंध कसा, हेही पाहावे. मध्य भारतात आणि पुढे निजामाच्या मराठवाड्यात कार्य करण्यास आले ते संत फ्रान्सिस डी सेल्स संस्थेचे मिशनरी. ही संस्था 1838 मध्ये सॅव्हॉय प्रांतातील आनसी येथे स्थापन झाली. हा प्रदेश लियों आणि आर्स यांच्या शेजारचा, म्हणजे ज्या मुलखात फिलोमिनेचे नाव सर्वांच्या ओठी होते तिथलाच. 1887 मध्ये नागपूर, 1955 मध्ये अमरावती आणि 1977 मध्ये औरंगाबाद असे धर्मप्रांत होत गेले. जालना जिल्हा तर 1981 चा. आमच्या जिल्ह्याहून या भागातील श्रद्धा जुनी आहे, आणि तिच्याबरोबर आलेली नावेही जुनी आहेत. दक्षिणेत म्हैसूर येथे महाराजा कृष्णराज वडियार यांनी 1933 मध्ये पायाभरणी केलेले भव्य कॅथेड्रल आजही याच संतेच्या नावाने ओळखले जाते.

आता मामाने विचारलेल्या प्रश्नाकडे वळू. विसाव्या शतकाच्या आरंभी पुरातत्त्वज्ञ ओरात्सिओ मारुक्की यांनी त्या फरश्यांचा नव्याने अभ्यास केला. फरश्यांचा क्रम चुकला तो घाईने नव्हे, असे त्यांचे म्हणणे. जुन्या कबरीच्या फरश्या दुसरी कबर बंद करण्यासाठी पुन्हा वापरल्या जात, आणि पूर्वीचा मजकूर आता लागू नाही हे दाखविण्यासाठी त्या मुद्दाम उलटसुलट लावीत. तसे असेल तर फरशीवरची फिलुमेना वेगळी आणि आत निजलेली मुलगी वेगळी. कुपीचेही तेच. अशा कुप्या अनेक कबरींत आढळतात. त्या रक्तसाक्षीत्वाचा पुरावा ठरत नाहीत. रोमच्या अधिकृत रक्तसाक्षी-ग्रंथात तर हे नाव कधीच नव्हते. अखेर 14 फेब्रुवारी 1961 रोजी उपासनाविषयक धर्ममंडळाने हा सण सर्व दिनदर्शिकांतून वगळण्याचा निर्देश दिला.

या निर्देशाचा अर्थ नीट समजून घ्यावा. सण वगळला, म्हणजे सार्वजनिक उपासनेत त्या दिवशी तिच्या नावाने मिस्सा व्हायची नाही. मुन्यानोचे देवालय बंद झाले नाही, म्हैसूरच्या कॅथेड्रलचे नाव पुसले गेले नाही, कोणाच्या स्नानसंस्काराला बाधा आली नाही. 1969 मध्ये दिनदर्शिकेची सुधारणा झाली तेव्हा अलेक्झांड्रियाची संत कॅथरिन व संत बार्बारा यांचे सणही सार्वत्रिक दिनदर्शिकेतून गेले. त्यांपैकी कॅथरिनचा सण 2002 मध्ये परत आला. पुराव्याचा कस लावण्याचे कर्तव्य ख्रिस्तसभा पार पाडते, कारण जिचा प्रभू 'मी सत्य आहे' असे म्हणाला तिला सत्याचे भय असण्याचे कारण नाही. संशोधकाने आपले काम केले म्हणून भाविकाने रागावू नये, आणि भाविकाच्या आजीपुढे सुशिक्षिताने फुशारकीही मारू नये.

मग नावात उरले काय? नावात नावच उरले, आणि ते पुष्कळ आहे. कथेच्या ओघात 'फिलिया लुमिनिस', म्हणजे प्रकाशकन्या, असा लॅटिन अर्थ या नावाला चिकटविला गेला. पण मूळ शब्द ग्रीक आहे आणि त्याचा सरळ अर्थ 'जिच्यावर प्रेम केले जाते ती', 'लाडकी' असा आहे. आमच्या खेड्यांतून लाडाबाई नावाच्या आज्या असतात. त्यांची ही ग्रीक बहीण म्हणावी. यार्देन नदीवर प्रभूचा बाप्तिस्मा झाला तेव्हा आकाशातून जी वाणी झाली तिच्यातही हाच भाव होता : तू माझा प्रिय आहेस. स्नानसंस्काराच्या वेळी प्रत्येक बालकाला देव हेच सांगतो. 1917 च्या धर्मसंहितेने संताचे नाव देण्याविषयी धर्मगुरूंना दक्षता घेण्यास सांगितले होते. 1983 च्या संहितेची अपेक्षा इतकीच की, नाव ख्रिस्ती भावनेला परके नसावे. 'देवाची लाडकी' या अर्थाहून अधिक ख्रिस्ती नाव आम्हांस तरी सुचत नाही.

आणखी एक विचार मनात येतो. प्रिसिलाच्या दफनभूमीत निजलेल्या त्या मुलीविषयी आपल्याजवळ तिच्या कोवळ्या अस्थी आहेत आणि कोणीतरी मायेने बंद केलेले कबरीचे तोंड आहे. बाकी सारे काळाच्या उदरात गेले. आमच्या नोंदवहीतील स्त्रियांची गत फारशी निराळी नाही. नाव, बापाचे नाव, गाव, तारीख, साक्षीदाराचा अंगठा. एका ओळीत आयुष्य संपते. दुष्काळात खडी फोडली, मोळ्या उचलल्या, कोपीत बाळंत झाल्या, लेकरांना क्रूसाची खूण करायला शिकविले, हे कोठे लिहिलेले नाही. त्यांची चरित्रे कोणी सांगितली नाहीत म्हणून त्या नव्हत्या असे होत नाही, आणि देवाजवळची त्यांची ओळख पुसली जात नाही.

पुढच्या रविवारी ते कुटुंब पुन्हा आले. आम्ही फिलूबाईंना जवळ बसवून, मामाच्या देखत, वरील सारे सोप्या शब्दांत सांगितले. सणाचेही सांगितले, फरश्यांचेही सांगितले, काही लपविले नाही. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "म्हंजे लाडकी. मग ठेवा की." मामानेच बाळाला पुढे केले. नोंदवहीत आम्ही पूर्ण नाव लिहिले, फिलोमिना, आणि 'तुला शांती असो' हे त्या जुन्या फरशीवरचे शब्द मनात म्हणत तिच्या मस्तकावर पाणी ओतले.