‘म्हणे’ आणि नरोटी : कर्णाच्या पूर्वकथेविषयी

हट्टा हे हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील गाव. लगतच्या तालुक्यात औंढा नागनाथ आहे. वनवासात असताना पांडव येथे आले आणि धर्मराजाने हे देऊळ उभारले, अशी कथा या साऱ्या टापूत सांगितली जाते. शिल्पाच्या धाटणीवरून अभ्यासक आजचे मंदिर यादवकाळातील ठरवतात. पण गावातला माणूस जेव्हा ‘पांडवांनी बांधलं म्हणे’ असे सांगतो, तेव्हा तो अभ्यासकाशी भांडत नसतो. त्या एका ‘म्हणे’ने त्याने आपल्या सांगण्याची मर्यादा स्वतःच आखलेली असते. या लहानशा शब्दाचा आम्ही येथे थोडा विचार करणार आहोत. कारण कथेतील पात्रांवर जीव लावणे आणि त्यांच्या आयुष्यातील रिकाम्या जागा आपण भरणे, या जुन्या सवयीचे मर्म त्यात दडले आहे.

वनपर्व विस्तीर्ण असले तरी बारा वर्षांतील प्रत्येक मुक्कामाची नोंद त्यात नाही. ही मोकळी जागा सापडली, की जो तो आपल्या गावाची वाट तिच्यातून काढतो. पांडव आपल्या डोंगराखाली राहिले, आपल्या नदीचे पाणी प्याले, असे म्हणण्यात आपलेपणाची ओढ आहे. हट्ट्यासारख्या गावांना ही पात्रे भेटली ती आधी पोथीतून. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि शिक्षणाचे माध्यम प्रामुख्याने उर्दू होते. अशा काळात मराठी कथेचा धागा तुटू दिला नाही तो पोथीवाचनाने आणि कीर्तनाने. श्रीधराचा ‘पांडवप्रताप’ १७१२ सालचा. पोथी एकाने वाचायची, दुसऱ्याने अर्थ सांगायचा आणि श्रोत्यांनी मधूनच शंका काढायची, ही आपल्याकडील रीत. शंकेला उत्तर देताना सांगणारा पदरची भर घालतो. पण पोथी समोर उघडी असते आणि ओवी कोठे संपली हे श्रोत्याला ऐकू येते.

१९६७ साली या व्यवहाराला वेगळे वळण मिळाले. त्या वर्षी शिवाजी सावंत यांची ‘मृत्युंजय’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमही त्याच वर्षीचा. या कायद्याने ग्रंथालयांच्या अनुदानाला आधार दिला आणि लहान गावांतही कादंबरी पोचण्याची वाट रुंदावली. ‘मृत्युंजय’मध्ये कर्ण स्वतः बोलतो, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्णही आपापल्या तोंडून कथा सांगतात. वृषाली हे नाव व्यासांनी दिलेले नाही. उद्योगपर्वात कर्ण कृष्णाला एवढेच सांगतो, की अधिरथाने माझी लग्ने लावून दिली, मला पुत्रपौत्र झाले आणि माझे मन त्यांच्यात गुंतले आहे. या ओझरत्या उल्लेखातून मराठी वाचकाला कर्णाचा अख्खा संसार मिळाला. असे करण्याचा अधिकार लेखकाला नाही, असे कोण म्हणेल? परंपरेने आलेल्या कथेत रसाला बाधक असेल ते सोडावे आणि रसाला अनुकूल असे नवे रचावे, ही मुभा आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त कवीला दिलेलीच आहे. कर्णाविषयीची करुणाही नवी नाही. भासाच्या नावावर असलेले ‘कर्णभार’ तिची साक्ष देते. शिरवाडकरांचे ‘कौंतेय’ हे नाटक ‘मृत्युंजय’च्या आधीचे, तर रणजित देसाईंची ‘राधेय’ नंतरची.

फरक पडतो तो ‘मी’मुळे. कर्ण प्रथमपुरुषात बोलू लागला, की ‘म्हणे’ला जागा उरत नाही. कादंबरीचे ते बळ आहे. वाचकाच्या बाजूने मात्र त्यातून एक जोखीम उभी राहते. द्यूतसभेत कर्णाने द्रौपदीला ‘बंधकी’ म्हटले आणि पांडवांची व तिची वस्त्रे काढून घ्यायला दुःशासनाला सांगितले. हा प्रसंग वर्गात निघाला, की उत्तर बहुधा तयार असते : स्वयंवरात तिने त्याला सूतपुत्र म्हणून नाकारले होते, तो अपमान तो विसरला नव्हता. हे उत्तर देणाऱ्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांत कर्णाविषयी खरी माया असते, आणि ती हिणवण्याजोगी नाही. जन्माने नाकारलेल्या माणसाची बाजू घेण्यात न्यायबुद्धीही असते.

परंतु भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये हाती घेतलेली आणि १९६६ मध्ये पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती या उत्तराला आधार देत नाही. ‘मी सूताला वरणार नाही’ हे द्रौपदीचे वाक्य काही हस्तलिखितांतच सापडते. संपादकांनी ते मूळ पाठात घेतलेले नाही. म्हणजे कर्णाच्या रागाचे जे कारण आपण मूळचे समजतो, तीच बहुधा कोणा जुन्या अनामिक सांगणाऱ्याने रचलेली पूर्वकथा आहे. त्याच्याही मनात हाच प्रश्न आला असेल, की एवढा दानशूर माणूस असे कसे बोलला? त्याने कारण शोधले, आणि ते शोधताना दोषाचा काही भार, नकळत का होईना, द्रौपदीच्या खांद्यावर गेला.

येथे आम्हांस उद्योगपर्वातील तो संवाद पुन्हा वाचावासा वाटतो. ज्या भाषणात कर्ण आपल्या संसाराचा उल्लेख करतो, त्यातच तो कृष्णाला सांगतो, की दुर्योधनाला बरे वाटावे म्हणून पांडवांना मी जे कडवट बोललो त्याचा मला आज ताप होतो. व्यासांनी कर्णाला सबब दिली नाही, पश्चात्ताप दिला. आणि तोही अपुरा, कारण त्यात द्रौपदीचे नाव नाही. आपण सबब पुरवली, की हा पश्चात्ताप निरर्थक होतो. ज्याचे काही चुकलेच नाही त्याने कशासाठी झुरायचे? मायेपोटी आपण कर्णाला निर्दोष करतो आणि त्याच्या आयुष्यातील सर्वांत माणुसकीचा क्षण त्याच्याकडून काढून घेतो.

मग कल्पना करूच नये काय? १९६७ मध्येच आलेले इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ याचे उत्तर देते. कर्वे यांनी चिकित्सक आवृत्तीचा आधार घेतला आणि कर्णाला झुकते माप दिले नाही. द्रौपदीवरील लेखाच्या शेवटी मात्र त्यांनाही राहवले नाही. महाप्रस्थानात द्रौपदी कोसळते आणि धर्मराज मागे न पाहता पुढे जातो, येथे व्यासांचे वर्णन थांबते. पडलेल्या द्रौपदीच्या मनात त्या क्षणी काय चालले असेल, भीम तिच्यापाशी आला असता तर ती काय बोलली असती, हे कर्वे पुढे रचतात. तथापि रचण्याआधी त्या स्पष्ट सांगतात, की येथून पुढची ही माझी नरोटी.

नरोटी म्हणजे नारळाची रिकामी करवंटी. हा शब्द त्यांनी एकनाथांकडून घेतला. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि तीत पदरची ओवी घुसडणाऱ्याला अमृताच्या ताटातील नरोटीची उपमा देऊन बजावले. चार शतकांनंतर तोच शब्द कर्वे यांनी स्वतःला लावून घेतला. द्रौपदीवरील माया त्यांनी लपवली नाही आणि व्यासांच्या ताटात मिसळलीही नाही. करवंटी वेगळी ठेवून तीत वाढली.

साहित्य शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या आपण सर्वांनी एवढे केले तरी पुरे. वृषालीवर जीव जडावा, कर्णासाठी डोळे भरून यावेत, वनवासातील पांडवांना आपल्या गावी मुक्कामाला बोलवावे. फक्त उत्तरपत्रिकेत आणि व्याख्यानात ओवी कोठे संपली आणि नरोटी कोठे सुरू झाली, हे सांगता यावे. हट्ट्याच्या परिसरात औंढ्याच्या देवळाविषयी सांगणाऱ्या माणसाला हे कोणी शिकवावे लागत नाही. आपल्याला मात्र तो ‘म्हणे’ प्रयत्नाने परत मिळवावा लागणार आहे.