सात ते शून्य : अंधाराच्या एका नियमाचा इतिहास

डिसेंबर २०२१मधल्या एका रविवारी दुपारी माझी लेक हिरमुसून स्वयंपाकघरात आली. तेव्हा ती अकरा वर्षांची होती. "आई, त्यांनी अंधाराचा नियम बदललाय," ती म्हणाली.

'त्यांनी' म्हणजे 'माइनक्राफ्ट' हा खेळ बनवणाऱ्यांनी. टाळेबंदी लागल्यापासून ती या खेळात डोंगर पोखरून एक भलंमोठं घर बांधत होती. त्यातल्या प्रत्येक बोगद्यात तिने मोजूनमापून मशाली लावल्या होत्या. दोन मशालींच्या मध्ये बारा ठोकळे, तेराव्यावर पुन्हा मशाल. वहीच्या मागच्या पानावर तिने हा हिशोब आकृतीसकट मांडला होता. आता मध्ये सव्वीस ठोकळे सोडले तरी चालणार होते. तिला राग आला होता तो कष्ट वाया गेल्याचा नव्हे. तिचा प्रश्न वेगळा होता. "मग मी आधी लावल्या, त्या चुकीच्या होत्या का?"

मी इतिहास शिकवते. प्रश्न माझ्याच विषयातला होता, पण उत्तर द्यायचं तर आधी नियम कळायला हवा होता. पुढचे कित्येक रविवार मी तो तिच्याकडून शिकले.

या खेळातलं सगळं जग घनाकृती ठोकळ्यांचं आहे. एक ठोकळा म्हणजे एक मीटर. दिवसा झाडं तोडा, जमीन खणा, घर बांधा. अंधार पडला की झोंबी, सांगाडे, कोळी आणि क्रीपर हजर होतात. खेळाडू त्यांना 'मॉब' म्हणतात, माझी लेक 'भुतं' म्हणते. मीही तेच म्हणेन. त्यांच्या प्रकट होण्याला इंग्रजीत 'स्पॉन' म्हणतात. तो शब्द मुळात मासे आणि बेडूक पाण्यात अंडी सोडतात त्यासाठीचा.

मला वाटायचं, ही भुतं गुहेत राहत असतील आणि रात्री बाहेर पडत असतील. तसं अजिबात नाही. खेळाचं घड्याळ सेकंदाला वीस टोले देतं. प्रत्येक टोल्याला खेळ तुमच्या आसपासच्या जमिनीवर जणू चिठ्ठ्या टाकून जागा निवडतो आणि प्रत्येक जागेला काही प्रश्न विचारतो. खाली भरीव ठोकळा आहे का? वर अंगापुरती मोकळी जागा आहे का? उजेड पुरेसा कमी आहे का? खेळाडू चोवीस ठोकळ्यांपेक्षा लांब आहे का? सगळी उत्तरं 'हो' आली, तर तिथे भूत उभं राहतं. ते तुमच्यापासून १२८ ठोकळ्यांपलीकडे गेलं, की त्याच क्षणी नाहीसं होतं. शिवाय एकूण संख्येला मर्यादा आहे : एकट्या खेळाडूच्या जगात एका वेळी साधारण सत्तर. (हे आकडे संगणकावरच्या जावा आवृत्तीचे, मोबाइलवरच्या आवृत्तीत काही वेगळे आहेत.)

याचा अर्थ माझ्या लक्षात यायला वेळ लागला. तुम्ही जिथे नाही, तिथल्या गुहेत कोणीच नसतं. दूरच्या डोंगरातला काळोख रिकामा असतो. भुतं तुमच्याभोवती एका कड्यात तयार होतात, तुम्ही चालाल तसं ते कडं तुमच्याबरोबर चालतं, आणि मागे सोडलेली भुतं विरून जातात. लेकीला मी हे सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणजे मी नसले तर ती नसतातच." तिला हे केव्हाच माहीत होतं.

हा नियम एका दिवसात घडलेला नाही. स्वीडनमधल्या मार्कस पर्सनने मे २००९मध्ये खेळाची पहिली आवृत्ती लोकांपुढे ठेवली, तेव्हा त्यात भुतं नव्हती. ती त्याच वर्षी पुढे आली. त्यातलं सगळ्यांत प्रसिद्ध भूत चुकून जन्मलं : डुकराची आकृती बनवताना लांबी आणि उंचीचे आकडे उलटसुलट झाले आणि एक उभट, बिनहाताचा प्राणी तयार झाला. पर्सनने तो पुसून टाकला नाही. त्याला हिरवा रंग दिला, जवळ येऊन फुटण्याचा स्वभाव दिला, आणि क्रीपर झाला. मशाली त्यानंतरच्या टप्प्यात आल्या. मशाल आली तेव्हा अंधाराला माप मिळालं.

ते माप सोपं आहे. उजेडाच्या पातळ्या शून्यापासून पंधरापर्यंत. मशालीच्या जागी चौदा, आणि दर ठोकळ्याला एक कमी. खेळ नोव्हेंबर २०११मध्ये पूर्णरूपात आला, त्यानंतरची दहा वर्षं नियम असा होता की सात किंवा त्याहून कमी उजेडात भूत उभं राहू शकतं. त्यातही एक सोडत होती : सातच्या उजेडात शक्यता आठात एक, आणि उजेड घटेल तशी ती वाढत जायची. आठला मात्र पूर्ण अभय. मशालीपासून सहा ठोकळे गेलं की उजेड आठ उरतो, सातव्यावर सात होतो. म्हणून सरळ अरुंद बोगद्यात दोन मशालींच्या मध्ये बारा ठोकळे. लेकीच्या वहीतला आकडा इथून आला होता.

एकदा माप कळलं की माणसं हिशोब मांडतात. खेळाडूंनी मांडलेला हिशोब मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत थक्क करणारा भाग वाटतो. त्यांनी भुतांची शेती सुरू केली. समुद्रावर उंच आकाशात एक बंद, काळोखी खोली बांधायची. आत पाण्याचे पाट सोडायचे. भुतं तिथे उभी राहतात, पाण्याबरोबर वाहत मधल्या खड्ड्यात पडतात. खड्डा बावीस ठोकळे खोल ठेवायचा. पडताना पहिले तीन ठोकळे माफ, पुढे प्रत्येकाला एक अंश जीव जातो. झोंबीचा जीव वीस अंशांचा. बावीस ठोकळ्यांवरून पडून एकोणीस जातात, एक उरतो. खाली उभ्या माणसाने एक टपली मारली की काम झालं. हाडं, बाण, दोरे, बारूद यांचा ढीग पेटीत साठत जातो.

आणि समुद्रावरच का? कारण ती सत्तरची मर्यादा. जमिनीवर शेत बांधलं तर आसपासच्या अंधाऱ्या गुहांतही भुतं उभी राहतात आणि सत्तरांतला वाटा खातात. आकाशात, १२८ ठोकळ्यांच्या आत दुसरी अंधारी जागाच ठेवली नाही, की सगळी तुमच्या खोलीतच येतात. आणखी एक बारकावा : चिठ्ठी टाकताना खेळ उंचीही निवडतो, जगाच्या तळापासून त्या जागच्या सर्वांत वरच्या ठोकळ्यापर्यंत. म्हणजे शेत जितकं उंच, तितक्या चिठ्ठ्या मधल्या हवेत वाया. त्यामुळे किती उंच बांधावं यावर वाद होत राहिले.

ज्या नियमाने मुलांची झोप उडवायची, त्यावर कारखाना उभा राहिला. ज्याचा नियम कळला, त्याची भीती संपली.

मग बनवणाऱ्यांनी भीती दुसरीकडे हलवली असं मला या पुढच्या बदलांकडे पाहताना दिसतं. त्यांच्या मनात हेच होतं असा माझा दावा नाही. जुलै २०१८मध्ये 'फँटम' आलं, २०१७मधल्या प्रेक्षकांच्या मतदानात निवडून. तीन दिवस न झोपलेल्या खेळाडूवर ते उघड्या आकाशातून झेप घेतं. इथे अंधाराच्या जोडीला तुमचं जागरण मोजलं जातं. दलदलीतल्या स्लाइमचा हिशोब तर आधीपासून चंद्रावर आहे : पौर्णिमेला सर्वांत जास्त, अमावास्येला एकही नाही. आपल्याकडच्या भुतांच्या बरोबर उलटं. जून २०२२मध्ये 'वॉर्डन' आलं. ते आंधळं आहे. खोल भूगर्भातल्या ज्या प्रदेशात ते निघतं, तिथे कितीही काळोख असला तरी इतर भुतं आपोआप उभी राहत नाहीत. तिथे मशालीचा उपयोग नाही. तिथे पाऊल वाजता कामा नये. म्हणून खेळाडू लोकर अंथरून चालतात. आणि जून २०२४मध्ये एक असा पिंजरा आला, जो खेळाडू किती आहेत ते पाहून तेवढी भुतं सोडतो, ती संपली की बक्षीस देतो आणि अर्धा तास थांबतो.

या सगळ्याच्या मधोमध तो बदल आहे, ज्यामुळे माझी लेक स्वयंपाकघरात आली. ३० नोव्हेंबर २०२१ रोजी आलेल्या १.१८ आवृत्तीत सातची जागा शून्याने घेतली. मशालीचा कणभर उजेड असला तरी आता तिथे भूत उभं राहत नाही. त्याच आवृत्तीत गुहा अवाढव्य झाल्या होत्या. जुन्या मापाने त्या उजळायच्या म्हटलं तर मशाली लावण्यातच आयुष्य गेलं असतं. त्याबरोबर जगाचा तळही चौसष्ट थर खाली गेला. आकाशातल्या शेतांचं उत्पन्न घटलं, कारण आता चिठ्ठ्या आणखी खालपासून पडू लागल्या.

हे चौसष्ट थर पाहून मात्र मला हसू आलं. जुनं जग नव्या आवृत्तीत उघडलं, की जुन्या तळाखाली नवं भूगर्भ तयार होतं. उत्खननाचा पहिला धडा म्हणजे खालचा थर जुना, वरचा नवा. माझ्या लेकीच्या घराखाली नेमकं उलटं झालं होतं : वर २०२०, खाली २०२१. अशा जागी खापराच्या थरावरून काळ सांगता येणार नाही. पण मशालींवरून सांगता येईल. मध्ये बारा ठोकळे दिसले तर बोगदा बहुधा जुन्या नियमाच्या काळातला. सव्वीस दिसले तर नक्की नंतरचा.

माझ्या आजोळच्या घरात भिंतीत दिवळ्या होत्या. तिन्हीसांजेला आजी त्यांत पणती ठेवायची. मी लहान असतानाच वीज आली, दिवळ्यांत काडेपेट्या आणि औषधाच्या बाटल्या राहायला लागल्या. पण वरच्या बाजूला काजळीचा काळा ठसा तसाच होता. घरात उजेड कुठवर पोचायचा आणि कुठल्या कोपऱ्यात रात्री कोणी जायचं नाही, हे त्या ठशांवरून कळायचं. वीज आली म्हणून दिवळ्या चुकीच्या ठरल्या नाहीत.

हेच मी लेकीला सांगितलं. तू लावलेल्या मशाली तेव्हाच्या नियमाला बरोबर होत्या. नियम कोणीतरी बनवलेला होता, कोणीतरी बदलला. तू राहत होतीस तेव्हा मात्र तो खराच होता, कारण एक मशाल विसरली असतीस तर क्रीपरने तुझी भिंत उडवली असती.

तिने ऐकून घेतलं. पटलं की नाही ते सांगितलं नाही. पण जुन्या मशाली तिने काढल्या नाहीत. काही आठवड्यांनी तिने मला नवा बोगदा दाखवायला बोलावलं. तो जुन्या घराच्या तळातून सुरू होऊन त्या नव्या थरांत उतरत होता. मशाली लांब लांब होत्या, मधे मधे इतका मिणमिणता उजेड की मला पुढे पाऊल टाकवेना. "चल गं, काही नाही होत," ती म्हणाली. जिथे जुना बोगदा संपून नवा सुरू होत होता, तिथे तिने भिंतीवर एक लाकडी पाटी लावली होती. पाटीवर फक्त वर्ष होतं.