रमाबाईंचे बायबलवाचन : पत्रांतून आणि साक्षीतून

पंडिता रमाबाईंच्या धर्मांतरावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या बायबल कशा वाचत, यावर मात्र फार थोडे. बाप्तिस्मा ही एका दिवसाची घटना : २९ सप्टेंबर १८८३, इंग्लंडमधले वाँटेज. वाचन त्याच्या काही वर्षे आधी सुरू झाले होते आणि ते १९२२ च्या एप्रिलपर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, चालू राहिले. चाळीस-बेचाळीस वर्षांचा हा नित्यक्रम समजून घेतल्याशिवाय त्या एका दिवसाचा अर्थ लागत नाही, असे माझे मत आहे.

यासाठी मुख्य साधने दोन. पहिले, १९०७ साली रमाबाईंनी इंग्रजीत प्रसिद्ध केलेली साक्ष. तेव्हा त्या पन्नाशीला आल्या होत्या. दुसरे, वाँटेजच्या सेंट मेरी द व्हर्जिन मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांनी जपून संकलित केलेला पत्रव्यवहार. तो १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ग्रंथरूपाने काढला. साक्ष मागे वळून सांगते, पत्रे त्या त्या दिवशी लिहिलेली आहेत. ही दोन साधने एका महत्त्वाच्या जागी एकमेकांशी जुळत नाहीत, आणि तिथेच खरे काम आहे.

सुरुवात बायबलच्या आधीपासून करावी लागते. रमाबाईंच्या ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ या १८८७ च्या पुस्तकाला फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाच्या डीन रेचेल बॉडली यांनी प्रस्तावना लिहिली. तीत गंगामूळच्या रानातली एक पहाट आहे. झोपेने जड झालेल्या मुलीला आई, लक्ष्मीबाई, जमिनीवरच्या अंथरुणातून लाडाने उचलून घेते, गोंजारून जागी करते आणि पाखरांच्या किलबिलाटात पाठ घेते. पुस्तक नाही; आई म्हणते, मुलगी मागून म्हणते. हा वृत्तान्त बॉडलीबाईंच्या शब्दांत आलेला असल्याने त्यातला गोडवा थोडा बाजूला ठेवू. पण पहाटेचा पाठ, मुखोद्गत विद्या आणि शिकवणारी आई या तीन गोष्टींवर शंका घेण्याचे कारण नाही. पुढे भागवताचे अठरा हजार श्लोक पाठ असणारी मुलगी अशाच पाठांतून घडते.

याच कुटुंबाचा चरितार्थ पुराण सांगण्यावर चाले. साक्षीत रमाबाई त्याची रीत बारकाईने नोंदवतात. देवळाच्या सभामंडपात, झाडाखाली किंवा नदीकाठी पोथी घेऊन बसायचे आणि खड्या सुरात संस्कृत वाचायचे. येणारेजाणारे थांबत, फुले, फळे, पैसे ठेवत, पुण्य घेऊन पुढे जात. ऐकलेले कळण्याची अपेक्षा नव्हती, आणि अर्थ सांगण्याचे बंधन पुराणिकावर नव्हते. सांगितला तर सांगितला. हे लिहिताना रमाबाई बायबलच्या मराठी भाषांतरात बुडालेल्या होत्या, त्यामुळे इथला टीकेचा सूर १९०७ चा आहे, हे लक्षात ठेवायला हवे. रीत मात्र त्या काळच्या कोणालाही परिचित अशीच आहे. ग्रंथ मोठ्याने वाचला जातो आणि ऐकणाऱ्याच्या पदरी अर्थ पडत नाही, हा अनुभव त्यांनी वाचणाऱ्याच्या जागेवर बसून घेतला होता.

१८७८ मध्ये त्या भाऊ श्रीनिवास याच्यासह कलकत्त्याला पोहोचल्या. तिथल्या ख्रिस्ती मंडळींच्या एका मेळाव्यात त्यांना संस्कृत बायबलची छापील प्रत भेट मिळाली. खुर्च्यांसमोर गुडघे टेकून प्रार्थना करणारी माणसे पाहून ही खुर्च्यांचीच पूजा करतात की काय, असे या भावाबहिणीला वाटले होते. बायबल त्यांनी उघडून पाहिले. भाषा त्यांच्या ओळखीच्या संस्कृत ग्रंथांसारखी नव्हती, शिकवणही निराळी. वाचण्यात वेळ फुकट जाईल असे वाटून त्यांनी ते मिटले, पण प्रत टाकून दिली नाही. साक्षीतला हा भाग मला पूर्ण विश्वासार्ह वाटतो. धर्मांतराच्या कथेत पहिल्या स्पर्शालाच हृदय हलते, असा प्रघात असतो. इथे एक शास्त्रीण ग्रंथाची भाषा तपासते आणि नापसंत करते. ज्या ग्रंथाला आयुष्य वाहिले त्याविषयी हे कोणी मागाहून रचून लिहिणार नाही.

दुसरी भेट सिलचरची. बिपिन बिहारी दास मेधावी यांच्याशी लग्न होऊन त्या तिथे राहत असताना घरच्या पुस्तकांत लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली पुस्तिका हाती आली. ती घरात कशी आली, ते त्यांनाही ठाऊक नव्हते. त्यांनी ती आवडीने वाचली आणि ॲलन नावाच्या बॅप्टिस्ट मिशनऱ्याकडून उत्पत्तीचा पहिला अध्याय समजावून घेतला. मिशन शाळेत शिकलेल्या पतीला हे रुचले नाही. फेब्रुवारी १८८२ मध्ये पती वारले. तान्ह्या मनोरमेला घेऊन रमाबाई पुण्याला आल्या आणि तिथे मिस हरफर्ड यांच्याकडे इंग्रजी व नवा करार यांचा अभ्यास सुरू झाला. म्हणजे बाप्तिस्म्यापूर्वीच हा ग्रंथ त्यांनी संस्कृत, बंगाली आणि मराठी अशा तीन भाषांतून हाताळला होता. सिलचरला आणि पुण्याला सोबत समजावणारे कोणी ना कोणी होते. रमाबाई मात्र समजावणाऱ्यांच्या स्वाधीन झाल्या नाहीत, हे पत्रांवरून दिसते.

वाँटेजमध्ये सिस्टर जेराल्डीन त्यांच्या धर्ममाता. रमाबाई पत्रांत त्यांना ‘आजीबाई’ म्हणत. या एका हाकेत प्रेम किती होते ते कळते, आणि त्याच पत्रांत वाद किती होता तेही. फुलहॅमला मठाच्या भगिनी पतित स्त्रियांना आसरा देतात हे रमाबाईंनी पाहिले. योहानाच्या चौथ्या अध्यायातल्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट त्यांना या कामाच्या संदर्भात वाचून दाखवली गेली. ग्रंथातला प्रसंग आणि डोळ्यांसमोरचे काम यांची गाठ तिथे पडली, असे साक्ष सांगते.

पण पत्रे काय सांगतात? गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे हवीत की नकोत, यावर रमाबाई विचारतात : ब्राह्मणांना संस्कृत देववाणी वाटते तशी तुम्हाला लॅटिन वाटते का? आपण संस्कृतचा आग्रह धरतो तो ती पवित्र म्हणून नव्हे, तर आपल्या देशाची जुनी, सुंदर भाषा म्हणून, हेही स्पष्ट करतात. मे १८८५ च्या पत्रात त्याहून कडक शब्द आहेत. भारतातल्या पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने उतरवले, आता दुसरे तसलेच जू मानेवर घेणार नाही. देवाचे वचन मानीन, धर्मगुरूच्या तोंडचा प्रत्येक शब्द नव्हे. त्रैक्याचा सिद्धान्त, अथानासियसचा मतांगीकार, ख्रिस्ताचा जन्म : प्रत्येक ठिकाणी त्या वचनाचा आधार मागतात. चेल्टनहॅमच्या प्राचार्य डोरोथिया बील यांनी हे प्रश्न जिज्ञासेचे म्हणून घेतले. जेराल्डीन यांना त्यात अहंकार दिसला. ही पत्रे आपल्या हाती येतात ती जेराल्डीन यांच्याच संकलनातून, त्यांच्या मतांच्या सोबतीने. तरीही प्रतिकूल पत्रे त्यांनी गाळली नाहीत, याचे श्रेय त्यांना द्यायला हवे.

आणखी एक गोष्ट कागदांतून दिसते, तिचा संबंध मी अनुमानाने जोडतो. रमाबाईंना कमी ऐकू येत असे. वैद्यक शिकण्याचा बेत त्यामुळेच सोडावा लागला. प्रवचन कानांनी नीट पोहोचत नसेल, तर छापील पानाचे वजन वाढणारच.

आता मुख्य विसंगती. साक्षीत रमाबाई म्हणतात की १८८३ मध्ये आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो नंतर मिळाला. बाप्तिस्म्याला आठ वर्षे होऊन गेल्यावर, विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मगुरूचे आत्मकथन वाचून आपली अवस्था ध्यानात आली. पुढच्या चरित्रकारांपैकी अनेकांनी या विधानावरून १८८३ ते १८९१ हा काळ कोरड्या बुद्धिवादाचा ठरवून टाकला. पत्रे वाचल्यावर हे मान्य करता येत नाही. ज्या बाईने सर्वांत जवळच्या आजीबाईंचा रोष पत्करून एकेका वचनावर हट्टाने पत्रे लिहिली, तिला त्या ग्रंथाचे केवळ बौद्धिक कुतूहल नव्हते. १८९१ नंतर मनाला स्वस्थता आली असेल. त्यांच्या अनुभवाविषयी त्यांचाच शब्द शेवटचा. पण आधीच्या वाचनाची किंमत १९०७ च्या रमाबाईंनी कमी लावली, असा माझा निष्कर्ष आहे.

याच सुमारास त्यांचे खाजगी वाचन सार्वजनिक वादाचा विषय झाले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेले त्यांचे विधवांसाठीचे शारदासदन पुढच्या वर्षी पुण्याला आले. धर्माच्या बाबतीत ते तटस्थ राहील, ही अट होती. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत लेकीसह बायबल वाचत, प्रार्थना करीत. दार उघडे असे. काही मुली येऊन बसू लागल्या. त्यांना बोलावू नये, हे रमाबाईंना मान्य होते. दार लावून घ्यावे, हे मान्य नव्हते. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागार बाजूला झाले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. सदनाला पैसा पुरवणाऱ्या बोस्टनच्या असोसिएशनने मात्र पाठराखण केली. सल्लागारांची अडचण खरी होती. विश्वासाने मुली पाठवणाऱ्यांना त्यांनाच उत्तर द्यायचे होते. पण जिच्यासाठी वाचन हा श्वासाइतका नित्याचा व्यवहार होता, तिने दार लावून वाचायचे म्हणजे कबुलीच द्यायची की आपण काही लपवतो आहोत. दोन्ही बाजूंचे कागद वाचून मी तरी कोणावर कपटाचा आरोप करणार नाही.

दुष्काळानंतर केडगावच्या मुक्ती सदनात शेकडो मुली-बाया आल्या आणि वाचनाला समुदाय मिळाला. जून १९०५ अखेरच्या तिथल्या जागृतीवर मिशनरी लेखकांनी पानेच्या पाने लिहिली : रडणे, मोठ्याने प्रार्थना, रात्ररात्र जागरणे. हेलन डायर यांच्या वृत्तान्तात त्या आधीचे एक वाक्य चटकन निसटून जाते. ते सांगते की रमाबाई त्या वेळी आपल्या नेहमीच्या शांत रीतीने योहानाचा आठवा अध्याय समजावून देत होत्या. इतिहासाच्या दृष्टीने ते वाक्य मला बाकीच्या वर्णनापेक्षा मोलाचे वाटते. अध्याय घ्यायचा, समजेल असा सांगायचा, आवाज न चढवता. ही तिथली रोजची रीत होती.

त्याच सुमारास, १९०४ च्या आसपास, त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे भाषांतर सुरू केले. प्रचलित भाषांतराची मराठी खेड्यातल्या बाईला जड जाते, ही त्यांची तक्रार होती. छापखाना मुक्तीचाच, खिळे जुळवण्यापासूनची कामे तिथल्या मुली-बाया करीत. ज्या बायांसाठी ग्रंथ सोपा करायचा, त्यांच्याच हातून तो छापला जात होता. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई गेल्या. तरी काम थांबले नाही. शेवटची मुद्रिते तपासून होईपर्यंत आयुष्य मिळावे अशी प्रार्थना रमाबाईंनी केली आणि काम संपल्यावर काही दिवसांत प्राण सोडला, असे मुक्तीच्या परंपरेत सांगतात. तारीख निश्चित आहे : ५ एप्रिल १९२२. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

या साऱ्या कागदांत बोलतात त्या रमाबाई, मठातल्या भगिनी, मिशनरी आणि पुण्याचे सुधारक. उघड्या दारातून आत येऊन बसलेल्या मुली आणि केडगावला खिळे जुळवणाऱ्या बाया स्वतःच्या शब्दांत फार कमी भेटतात. वाचकांपैकी कोणाची पणजी शारदासदनात किंवा मुक्तीत राहिलेली असेल आणि घरात तिची समासात खुणा केलेली बायबलची प्रत, वही किंवा चार ओळींचे पत्र असेल, तर ते रद्दीत घालू नका. त्याची छायाप्रत एखाद्या ग्रंथसंग्रहालयाला द्या.