ग्रीक महाप्राण व श्वासचिन्हे

प्राचीन ग्रीकमध्ये फी, थीटा व खी या अक्षरांनी फ्, थ्, ख् हे अघोष महाप्राण दाखवीत. घ्, ध्, भ् हे घोष महाप्राण त्या भाषेत नव्हते. शब्दारंभीच्या स्वराआधी ह् असल्यास तीव्र श्वासचिन्ह, नसल्यास सौम्य. इ. स. पू. ४०३ च्या सुमारास अथेन्सने आयोनियन वर्णमाला स्वीकारली, तीत पूर्वीचे ह्-अक्षर दीर्घ ए-साठी वापरले जाई. ह्-ला अक्षर उरले नाही. चिन्हे रूढ करण्याचे श्रेय परंपरेने बायझँटियमच्या ॲरिस्टोफेनिसला (इ. स. पू. सु. २५७–१८०) दिले जाते.

हा ह् प्रत्यक्ष उच्चारला जाई का, याचा उत्तम पुरावा भारतात आहे. हिंद-ग्रीक राजा हिप्पोस्ट्रॅटसच्या नाण्यांवर ग्रीक बाजूला ह्-ची खूण नाही, खरोष्ठी बाजूला मात्र ‘हिपुस्त्रत’ आहे. बेसनगरच्या ब्राह्मी स्तंभलेखात ‘हेलिओदोर’ हे ग्रीक नाव येते. हा ह् भारतीय लेखनिकांची सवय म्हणावी, तर अपोलोडोटस राजाचे नाव ‘अपलदत’ असे ह्-विना लिहिले आहे. म्हणजे कोरणाऱ्याने ऐकले तेच लिहिले. थीटाबाबत असे म्हणता येत नाही. अगाथोक्लीस राजाच्या ब्राह्मी नाण्यांवर थ आहे खरा, पण थीटा तेव्हा घर्षक (इंग्रजी th-सारखा) झाला असता तरी प्राकृतात लिहायला थ-च जवळचा होता. इंग्रजी थर्मामीटर आपण आजही तसाच लिहितो. म्हणून उलट दिशेचा, म्हणजे ग्रीकमध्ये लिहिलेल्या भारतीय नावांचा, पुरावा अधिक मोलाचा. इ. स. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ हा ग्रीक ग्रंथ पैठणला थीटा घालून ‘पैथन’ लिहितो. थीटा घर्षक असता तर महाप्राण स्पर्शासाठी ते अक्षर निवडण्याचे कारण नव्हते. भरुकच्छाचे (भडोच) मात्र ‘बॅरिगाझा’ झाले, कारण भ् लिहायला ग्रीकमध्ये अक्षरच नव्हते. ग्रंथाची हस्तलिखित प्रत सुमारे दहाव्या शतकातली असल्याने एकट्या पैठणवर फार भार टाकू नये. पण दुसऱ्या शतकातला भूगोलकार टॉलेमीही त्या नगराच्या नावात थीटाच ठेवतो, आरंभीचा प् तेवढा ब् होतो. कार्ले व जुन्नरच्या लेण्यांतील यवन दात्यांची नावे बहुतांशी प्राकृत असल्याने या प्रश्नाला फारशी उपयोगी नाहीत.

आधुनिक ग्रीक: फी, थीटा, खी घर्षक झाले, १९८२ मध्ये दोन्ही श्वासचिन्हे अधिकृत लेखनातून वगळण्यात आली.