तुकोबांचा नसलेला अभंग

पुण्याच्या प्रभात कंपनीने १९३६ साली काढलेला ‘संत तुकाराम’ हा बोलपट आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. दिग्दर्शक दोघे: फत्तेलाल हे चित्रकार, तर दामले ध्वनिलेखनातले जाणकार. संगीत केशवराव भोळ्यांचे. तुकोबा झाले विष्णुपंत पागनीस. एकेकाळी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे बरं का!

आता गंमत ऐका. त्यातला एक अभंग गाथेत शोधू गेलात, तर सापडायचा नाही. तो लिहिला शांताराम आठवल्यांनी. पण वारकरी वळणाचे शब्द, भोळ्यांची भजनी चाल आणि पागनिसांचा भावभरला गळा असा काही मेळ बसला, की भल्याभल्यांनी तो तुकोबांचाच मानला. कवीला याहून मोठी पावती ती कोणती? आठवल्यांचे नाव मात्र कित्येक श्रोत्यांना ठाऊकच झाले नाही.