एकतीस हजार बाइटांची बखळ

वाचकहो, इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, तह आणि सनावळ्या उभ्या राहतात. परंतु आपल्या मुलांच्या हाताखालच्या संगणकालाही इतिहास आहे. पूर्वी कोणी केलेली एक लहानशी वाटणी पुढच्या पिढ्यांना कशी बांधून ठेवते, हे त्यात फार स्पष्ट दिसते.

माझ्या वर्गातील मुलांनी आजी-आजोबांच्या आठवणी गोळा करून देणगीत मिळालेल्या एका जुन्या संगणकात उतरवल्या होत्या. त्यात लिनक्सची नवी आवृत्ती घालताना काम अडले. चकतीवर भरपूर जागा मोकळी असताना ‘बूटलोडरला जागा अपुरी’ असे उत्तर आले. ‘सगळे पुसून नव्याने घाला,’ असा सल्ला एकाने दिला. मुलांचे चेहरे उतरले. पुसण्यापूर्वी कारण शोधू म्हटले, तर ते १९८३ सालात सापडले!

बूटलोडर म्हणजे काय? संगणक चालू होतो तेव्हा त्याला आपली कार्यप्रणाली कोठे आहे हे ठाऊक नसते. जुन्या बायोसचा संगणक चकतीच्या पहिल्या कप्प्यातला, म्हणजे पहिल्या सेक्टरमधला छोटा प्रोग्राम वाचतो. तेथून पुढे कार्यप्रणालीला उठवण्याचे काम बूटलोडरचे. मार्च १९८३ मध्ये आयबीएमने १० मेगाबाइटची चकती असलेला पीसी एक्सटी आणला, तेव्हा डॉस २.० बरोबर या सेक्टरची वाटणी ठरली. एकूण बाइट ५१२. त्यांतले ६४ चार पार्टिशनांच्या नोंदींना, २ ओळखखुणेला. प्रोग्रामसाठी उरले ४४६. डॉसला ते पुरत. चालू पार्टिशन शोधून त्याला हाक मारली की काम संपले.

पहिले पार्टिशन मात्र पुढच्या वर्तुळापासून सुरू करण्याची रीत पडली. बायोसमध्ये सेक्टरच्या क्रमांकाला सहाच बिट होते, म्हणून एका वर्तुळात जास्तीत जास्त ६३ सेक्टर मोजता येत. पुढच्या चकत्या सर्रास हाच आकडा सांगू लागल्या. एक सेक्टर वापरात, ६२ रिकामे. विद्यार्थी मित्रांनो, गुणाकार करून पाहा: ३१,७४४ बाइट. दोन घरांमध्ये राहिलेली बखळच ती! कोणाच्या नावावर नाही, आणि कोणी हटकतही नाही.

लिनक्सचा जुना बूटलोडर लिलो आपल्या पुढच्या भागांचे चकतीवरचे पत्ते लिहून ठेवी. फाइल हलली की पत्ता चुके आणि संगणक उठत नसे. १९९५ साली एरिक बोलिन यांनी सुरू केलेल्या ग्रबने पुढे या बखळीत बिऱ्हाड केले. तेथे फाइलव्यवस्था वाचणारा भाग मावला, त्यामुळे फाइल नावाने सापडू लागली.

पण बखळीत इतरही शिरत. ‘स्टोन्ड’ हा विषाणू मूळ पहिला सेक्टर तेथेच नेऊन ठेवी. नक्कल रोखणारे काही प्रोग्रामही तेथे आपली खूण लिहीत आणि ग्रबचा मजकूर बिघडे. शिवाय अनेक चकत्या जोडणे, मजकूर कुलूपबंद करणे अशी कामे आली, तसा ग्रब वाढला आणि एकतीस हजारांत मावेना.

सुटका वेगळ्याच कारणाने झाली. नव्या चकत्यांचे सेक्टर ४,०९६ बाइटांचे, म्हणजे आठपट झाले, आणि ६३ ला ८ ने भाग जात नाही. २००७ साली आलेल्या विंडोज व्हिस्टापासून पहिले पार्टिशन २,०४८ व्या सेक्टरवर, एक मेगाबाइटच्या खुणेवर, बसू लागले. जीपीटी या नव्या वाटणीत ती बखळ उरली नाही. परंतु जुन्या बायोसवर ग्रबसाठी स्वतंत्र पार्टिशन नोंदवण्याची सोय झाली. जणू सातबाऱ्यावर नाव चढले! २०२१ च्या ग्रब २.०६ ने तर अरुंद बखळीचा आधारच सोडला.

आम्ही प्रथम आठवणींची नक्कल दुसरीकडे घेतली, ती उघडून तपासली, आणि मगच चकतीची नवी वाटणी केली. एकही पान गेले नाही.

१९८३ च्या लोकांना मी दोष देत नाही. त्यांच्या गरजेला ती जागा पुरेशी होती. पण पालकहो, ज्यांच्या हाती वाटणी असते त्यांनी मागून येणाऱ्यांसाठी थोडी जागा राखावी आणि ती कागदावर नोंदवावी. आणि मुलांनो, ‘पुसून टाका’ असे कोणी म्हटले, तर आधी कारण विचारा.