कोपऱ्याआडची वस्तू

* लेखकाने इथे भिंतीला ‘आरसा’ म्हटले आहे, ते जपून घ्यावे. आरसा किरणाची दिशा राखतो. खरबरीत भिंत प्रकाश चहूकडे विखुरते. दिशा हरवली तरी वेळ उरते, आणि सारी किमया तिचीच. लेसरचा स्पंद भिंत, आडची वस्तू, पुन्हा भिंत असा फिरून कॅमेऱ्यात येतो. एका पिकोसेकंदात प्रकाश जेमतेम ०.३ मिमी जातो. त्यामुळे विलंबावरून एकूण अंतर कळते. मात्र एकच विलंब अनेक बिंदूंना लागू पडतो, म्हणून भिंतीवर जागा बदलत मोजमापे घेतात. काही पद्धतींत संगणकावर आकार कल्पून प्रकाशाचा हाच प्रवास घडवतात आणि मोजमापांशी जुळेपर्यंत आकार सुधारतात. एमआयटीतील आंद्रेआस वेल्टन, मूळचे नाशिकचे रमेश रासकर व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये विलंबांवरूनच आडोशामागच्या लाकडी बाहुलीचा त्रिमित आकार मिळवला. — संपा.